लस घेतली होती, तरी झाला: दोन घड्याळांची गोष्ट

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या अंगात १०२ ताप होता. "अगं, दोन-दोन डोस घेतलेत ना तुम्ही सगळ्यांनी? मग करोना झाला कसा?" आवाजातली काळजी खरी होती, पण तिच्याआडून 'बघ, मी सांगत होतो' हेही डोकावत होतं. त्याने स्वतः एकच डोस घेतला होता, तोही वहिनीने धरून नेलं म्हणून. मी "बरी झाले की बोलते" म्हणून फोन ठेवला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

प्रश्न मात्र पांघरुणात माझ्याबरोबरच आला. कारण खरं सांगायचं तर तो मलाही पडला होता. पुढचे दहा-बारा दिवस खोलीत पडून राहण्याखेरीज काम नव्हतं, तेव्हा वाचलं, आमच्या डॉक्टरांना फोनवर छळलं, आणि हळूहळू एक उत्तर हाती लागलं. ते दादासाठी लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता लांबलं.

जानेवारी २०२२. ओमायक्रॉन हा करोनाचा नवा अवतार काळजीचा आहे असं जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ ला जाहीर केलं होतं, आणि दीड-दोन महिन्यांत तो आमच्या उंबऱ्याच्या आत होता. घरात पाच माणसं. मी, नवरा, सासूबाई (वय ७४, जुना मधुमेह), १९ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. आम्हा तिघा मोठ्यांचा दुसरा डोस होऊन आठ-नऊ महिने झालेले. मुलीचा लांबत लांबत दोन महिन्यांपूर्वी झालेला. मुलाच्या वयाला लस तेव्हा मिळतच नव्हती.

सोमवारी रात्री नवऱ्याचा घसा खवखवायला लागला. मंगळवारी सकाळी घरच्या घरी चाचणी केली, एकच रेघ. सुटलो म्हणून आम्ही सगळे एकत्र बसून गप्पा मारल्या, हा आमचा पहिला मूर्खपणा. संध्याकाळी त्याला कणकण, बुधवारी सकाळी दोन रेघा. गुरुवारी माझं अंग मोडून आलं. शुक्रवारी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सर्दी आणि ताप. शनिवारी मुलगा १०३ ने तापला आणि रविवारी दुपारी गादीवर उड्या मारत होता. मुलीला काहीच झालं नाही. तिने तीन वेळा चाचणी केली, तिन्ही वेळा एक रेघ, आणि आठवडाभर आम्हा चौघांना दाराबाहेर ताटं ठेवून ती वैतागली.

आता दादाचा प्रश्न. त्यात एक गृहीत लपलेलं आहे: लस म्हणजे विषाणूला आत येऊ न देणारी भिंत. ही समजूत आपल्या मनात बसायला कारणही आहे. गोवर, देवी, पोलिओ यांच्या लसी घेतलेल्या माणसाला 'झालाच नाही' असं आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो. पण लागण, आजार आणि गंभीर आजार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढायला लागला की लागण झाली. त्या धुमाकुळामुळे आणि शरीराच्या प्रतिकारामुळे आपल्याला त्रास जाणवू लागला की आजार. आणि तो धुमाकूळ फुप्फुसात खोलवर उतरला, किंवा प्रतिकारच हाताबाहेर गेला, की गंभीर आजार. लस या तिन्हींना सारख्याच ताकदीने अडवत नाही. का, हे समजायला दोन घड्याळं डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.

पहिलं घड्याळ विषाणूचं. शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत तो जो वेळ घेतो त्याला वैद्यकीय मराठीत अधिशयन काळ म्हणतात. शब्द जड आहे, पण छान आहे: आत येऊन निजून राहण्याचा काळ. करोनाचा मूळचा विषाणू यासाठी पाचसहा दिवस घ्यायचा, ओमायक्रॉनच्या आधीचा डेल्टा अवतार चारेक, ओमायक्रॉन तीनच्या आसपास.

दुसरं घड्याळ शरीराचं. एखादा विषाणू आयुष्यात पहिल्यांदाच भेटला तर शरीराला त्याच्यावर नेमका मारा करायला एक ते दोन आठवडे लागतात. रक्तात आणि लसिकाग्रंथींत (मानेत, काखेत असतात त्या छोट्या गाठींत) कोट्यवधी बी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, असतात, आणि जवळजवळ प्रत्येकीकडे वेगळ्या आकाराचा आकडा, म्हणजे हुक, असतो. आलेल्या विषाणूला नेमका अडकेल असा आकडा असलेली पेशी आधी सापडावी लागते, मग तिच्या एकीच्या दोन, दोनाच्या चार व्हाव्या लागतात, आणि मग त्यांतल्या काही अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, तयार करण्याचे छोटे कारखाने बनतात. असा एक कारखाना सेकंदाला हजारोंच्या घरात अँटिबॉडी सोडतो. पण तो उभा राहीपर्यंत विषाणूचं घड्याळ थांबलेलं नसतं. ज्याला ना आधी लागण झालीय ना लस मिळालीय, त्याची अडचण नेमकी ही असते. त्याच्याकडे ताकद असते, पण उशीर झालेला असतो.

लस हा उशीर कमी करते. दंडात टोचलेल्या डोसामुळे ती शोधाशोध आणि वाढ आधीच, सवडीने, खऱ्या विषाणूशिवाय उरकून ठेवली जाते. दुसऱ्या डोसानंतर आईंच्या काखेत बोराएवढी गाठ आली होती आणि त्या घाबरल्या होत्या. ती लसिकाग्रंथी होती, काम करून सुजलेली. अशा ग्रंथींत बी पेशींमध्ये स्पर्धा लागते. ज्यांचा आकडा विषाणूच्या नमुन्याला जास्त घट्ट बसतो त्या टिकतात, बाकीच्या मरतात, आणि ही निवड कित्येक आठवडे, कधी महिने चालू राहते. आठदहा दिवसांत गाठ गेली. तिथे घडलेल्या स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, मात्र राहिल्या.

इथे एक घोटाळा बहुतेकांचा होतो, माझाही झाला होता. 'अँटिबॉडी कमी झाल्या म्हणजे लसीचा असर संपला' असा. रक्तातल्या बहुतांश अँटिबॉडी ज्या प्रकारच्या असतात त्यांचं अर्धं आयुष्य साधारण तीन आठवड्यांचं. म्हणजे नव्या तयार झाल्या नाहीत तर दर तीन आठवड्यांनी साठा निम्मा. काही कारखाने अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं टिकतात, पण बरेचसे बंद होतात. आणि ते व्हायलाच हवं. आयुष्यभरात भेटलेल्या प्रत्येक जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी पहिल्या दिवसाच्या मात्रेत साठवत बसलो तर रक्त रबडीसारखं घट्ट होईल. शरीर माल साठवत नाही, माल बनवायची कृती आणि कारागीर जपून ठेवतं.

कारागीर जागे होऊन कामाला लागायला मात्र तीन ते पाच दिवस लागतात. आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. ओमायक्रॉनला त्रास द्यायला लागतात तीन दिवस. स्मृतीला उठायला लागतात तीन ते पाच. म्हणजे दुसरा डोस होऊन आठ महिने झालेत, रक्तातल्या तयार अँटिबॉडी ओसरल्यात, अशा माणसाच्या बाबतीत पहिली फेरी विषाणू जिंकणार हे जवळपास ठरलेलं. घसा धरणार, ताप येणार. पण नाकातून निघून फुप्फुसात गोंधळ घालायला त्याला आठवडा किंवा जास्त लागतो. तोवर स्मृती उठून कामाला लागलेली असते. दुसरी फेरी तिची. लस गंभीर आजार अडवण्यात जितकी पक्की आणि साधी लागण अडवण्यात जितकी कच्ची दिसली, त्याचं मोठं कारण या दोन फेऱ्यांमधल्या दिवसांत आहे.

हे कळल्यावर मला बाकीच्या लसींचंही कोडं सुटलं. गोवराचा विषाणू ताप यायलाच दहा-बारा दिवस घेतो. एवढा अवधी म्हणजे स्मृतीला अंथरूण-पांघरूण आवरून, तोंड धुऊन यायलाही वेळ. लस घेतलेल्याच्या शरीरात गोवर शिरलाच नाही असं नसतं, पण तो डोकं वर काढायच्या आत आटोपलेला असतो. देवीचंही तसंच. तिथे तर रोग्याच्या संपर्कात आल्यावर तीनचार दिवसांत लस टोचली तरी पुष्कळदा रोग टळायचा किंवा सौम्य व्हायचा. रेबीज हे याचं टोक आहे. तो विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि बहुधा दोन-तीन महिने घेतो, म्हणूनच चावल्यानंतर लस देऊन माणूस वाचवता येतो. पाश्चरने जुलै १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाला कुत्रा चावल्यावर लस टोचली ती याच अवधीच्या जोरावर. (तिथे 'अजून वेळ आहे' म्हणून कुणी थांबू नये. हा अवधी कधी आठवड्यावरही येतो, आणि लक्षणं दिसल्यावर जवळजवळ काहीच उपाय उरत नाही.) हिपॅटायटिस बी ची लस लहानपणी घेतलेल्या कित्येकांच्या रक्तात पुढे अँटिबॉडी मोजण्याइतक्याही सापडत नाहीत, तरी ते सुरक्षित राहतात. त्या विषाणूचं घड्याळ एक ते सहा महिन्यांचं आहे. स्मृतीला घाई नाही.

स्मृती किती टिकते याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट फेरो बेटांची आहे. उत्तर अटलांटिकमधल्या या बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. मग ६५ वर्षं गोवर फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परत आला तेव्हा तिथल्या साधारण ७,८०० माणसांपैकी सहा हजारांहून जास्त जणांना झाला. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरून नोंदी करत होता. त्याच्या लक्षात आलं की १७८१ मध्ये गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. अँटिबॉडी हा शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता.

पण घड्याळाइतकीच जागेचीही गोष्ट आहे. लस टोचतात दंडात. तिच्यामुळे अँटिबॉडी येतात त्या प्रामुख्याने रक्तात. विषाणू उतरतो नाकात, आणि नाकाच्या आतला ओलसर पडदा ही शरीराच्या हिशेबात बाहेरचीच बाजू. तिथे पहारा करतात त्या वेगळ्या जातीच्या अँटिबॉडी, ज्या श्लेष्म्यात, म्हणजे नाकातल्या चिकट द्रवात, पाझरतात, आणि दंडातली सुई त्या फारशा तयार करत नाही. पोलिओत हे फार स्पष्ट दिसलं. पोलिओची टोचायची लस लकव्यापासून उत्तम वाचवते, पण आतड्यातली वाढ पूर्ण अडवत नाही. तोंडावाटे द्यायची लस आतड्यातही पहारा बसवते. इस्रायलमध्ये २००५ पासून फक्त टोचायची लस दिली जात होती. २०१३ मध्ये तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडू लागला. तो माणसांच्या आतड्यांतून फिरत होता, पण लकवा झालेलं एकही मूल नव्हतं. लागण होती, रोग नव्हता.

ओमायक्रॉनने यात तिसरी भानगड घातली. विषाणूच्या अंगावरच्या ज्या टोकदार प्रथिनाचा नमुना दाखवून लस शरीराला शिकवते, त्यात त्याने तिसाहून जास्त जागी बदल करून घेतले होते. जुन्या नमुन्यावर घडलेल्या अँटिबॉडींना तो नीट पकडता येईना. टी पेशींचं, म्हणजे प्रतिकाराच्या दुसऱ्या जातीच्या पेशींचं, तसं नाही. त्या विषाणूचा बाहेरचा चेहरा बघत नाहीत, लागण झालेली पेशी आपल्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनांचे जे तुकडे मांडते ते बघतात, आणि लागण झालेल्या पेशीलाच मारतात. (हे कसं घडतं ते शोधणाऱ्या डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना १९९६ चं नोबेल मिळालं.) ओमायक्रॉनचे बरेचसे तुकडे जुन्यासारखेच होते, त्यामुळे टी पेशींची ओळख फारशी पुसली गेली नाही. टी पेशी लागण रोखू शकत नाहीत, कारण पेशीत विषाणू शिरल्याशिवाय त्यांना काही दिसतच नाही. पण पुढचं बरंच काही त्या रोखतात.

आता मंगळवारच्या त्या एका रेघेचा उलगडा. घरगुती चाचणीला दुसरी रेघ उमटवायला नाकात विषाणूचा बऱ्यापैकी साठा लागतो. ज्याच्या शरीराला विषाणू ओळखीचा आहे, त्याचा प्रतिकार लवकर जागा होतो, आणि घसादुखी, कणकण ही मुळात प्रतिकाराचीच लक्षणं. म्हणजे त्रास आधी आणि विषाणूची गर्दी नंतर, असं होऊ शकतं. लक्षणं असताना पहिल्या दिवशीची एक रेघ म्हणजे 'अजून ठरलं नाही' एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं आणि तोवर वेगळं राहायचं. गप्पा मारायच्या नाहीत.

तापाचंही तसंच. विषाणू ताप आणत नाही, आपणच आणतो. प्रतिकारपेशींनी सोडलेले निरोप मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतात आणि ते केंद्र आपली खूणगाठ ९८ वरून १०२ वर सरकवतं. म्हणून अंग तापलेलं असूनही थंडी वाजते, कारण शरीराच्या मते ते अजून गार आहे. कुडकुडणं म्हणजे स्नायू हलवून ऊब तयार करणं. पॅरासिटामॉल ती खूणगाठ खाली आणतं, मग घाम फुटतो. तिसऱ्या रात्री पहाटे मला असा घाम फुटला की अंथरूण बदलावं लागलं, आणि सकाळी पहिल्यांदा डोकं हलकं वाटलं. माझ्या घड्याळाप्रमाणे स्मृती उठायची वेळ तीच होती. योगायोग असेल, पण मला बरं वाटलं.

नवऱ्याने दरम्यान कपाटातून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी शोधून काढली होती. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूंना नाही, हे त्याला माहीत होतं. तरी 'घेऊन ठेवू' हा मोह सुटत नाही. पट्टी मी परत कपाटात टाकली.

आईंची काळजी वेगळी होती. करोनाचं लबाड वैशिष्ट्य असं की पहिले पाचसहा दिवस बरे जातात आणि मग सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला काहींची तब्येत एकदम घसरते. तोवर विषाणू ओसरायला लागलेला असतो, नुकसान करतो तो भडकलेला प्रतिकार. हे एका औषधाच्या चाचणीत लख्ख दिसलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जाहीर केलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. ते विषाणूला हात लावत नाही, प्रतिकाराला आवर घालतं. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही. घरी बसून, ताप आला म्हणून, कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करणं म्हणजे लढाई चालू असताना आपल्याच लोकांचे हात बांधणं. मधुमेह्याची तर साखरही त्याने भडकते.

आईंची साखर औषधाशिवायच भडकली होती. आजारपणात शरीर कॉर्टिसोल आणि अॅड्रेनॅलिन जास्त सोडतं, आणि दोन्ही साखर वर नेतात. खाणं निम्म्यावर आलेलं असताना आकडा वाढलेला बघून त्या मलाच विचारत होत्या, "अगं, मी काही खाल्लंच नाही, मग हे यंत्र खोटं बोलतंय का?" डॉक्टरांनी फोनवरच गोळ्यांचं प्रमाण बदललं आणि दिवसातून तीनदा तपासायला सांगितलं.

यंत्र खोटं बोललं ते वेगळं. सहाव्या रात्री ऑक्सिमीटरवर आईंचा आकडा ९१ आला. डॉक्टरांनी आम्हाला आखून दिलेली रेघ ९४ ची होती. नवरा बॅग भरायला लागला. मला आठवलं की हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्ताचा रंग मोजतं, आणि बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात हलत असेल तर त्याला नीट दिसत नाही. आईंचे हात बर्फासारखे होते. पाच मिनिटं त्यांची बोटं माझ्या तळहातात धरून चोळली, दुसऱ्या हाताचं मधलं बोट लावलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. ९७. खोलीत एक मिनिट कुणी बोललं नाही. उलटंही होतं हे सांगायला हवं: गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून एका आकड्यापेक्षा चढउतार बघायचा, आणि आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखं बोलत असेल तर यंत्र बाजूला ठेवून निघायचं.

आईंचा दहावा दिवस गेला, अकरावा गेला. दवाखाना दिसला नाही.

दादाला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "पण तुमच्यात सगळ्यांत हलका गेला तो पोराला, आणि त्यालाच लस नव्हती. मग?" मुद्दा खोटा नाही. करोनात वयाइतका मोठा धोका दुसऱ्या कशाचाही नव्हता, आणि ७४ वर्षांच्या मधुमेही बाईची तुलना आठ वर्षांच्या पोराशी करता येत नाही. मुलांच्या नाकातल्या पेशी विषाणूची चाहूल लागताच गजर करायला मोठ्यांपेक्षा जास्त तयार असतात, आणि हा प्रतिकार शिकवावा लागत नाही, उपजतच असतो. तेही सगळ्या मुलांत सारखं नसतं, काही थोड्या मुलांना करोनाने फार त्रास दिला. पण खरा मुद्दा असा की आमचं घर हा पुरावाच नाही. आईंना लसीने वाचवलं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण लस न घेतलेल्या आई मला बघायला मिळाल्या नाहीत. मुलगी ताज्या डोसामुळे वाचली की नशिबाने, हेही एका मुलीवरून ठरत नाही. त्यासाठी हजारो घरं शेजारी ठेवावी लागतात.

तशी ती ठेवली गेली. २०२० मध्ये फायझर-बायोएनटेकच्या लसीच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय हे त्यांनाही ठाऊक नाही. दुसऱ्या डोसाच्या आठवड्यानंतर लक्षणांसह करोना झालेले मोजले: लसवाल्यांत ८, मिठाच्या पाण्यावाल्यांत १६२. ९५ टक्के हा गाजलेला आकडा इथून आला. त्याचा अर्थ 'शंभरातल्या पाच जणांना होणारच' असा नाही. लस नसलेल्या तेवढ्याच लोकांत जितके आजारी पडले, त्याच्या वीसाव्या हिश्श्याइतके लसवाल्यांत पडले, असा आहे. आणि तो आकडा मूळच्या विषाणूचा, ताज्या डोसाचा आहे. ओमायक्रॉन आला आणि डोस शिळा झाला तसा लागण अडवण्याचा आकडा बराच खाली आला. गंभीर आजाराचा त्यामानाने टिकून राहिला. पहिली फेरी, दुसरी फेरी.

दादाचा शेवटचा बाण होता, "दवाखान्यात भरती झालेल्यांत लसवालेच जास्त आहेत म्हणे." यावर मी त्याला कागद-पेन घ्यायला लावलं. समजा हजार माणसं. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत. लस नसलेल्यांत शंभरात दहा जण भरती झाले: दहा माणसं. लसवाल्यांत शंभरात दोन: नऊशेंचे अठरा. वॉर्डात अठ्ठावीस खाटा, त्यांतल्या अठरांवर लसवाले. बातमी बनते 'निम्म्याहून जास्त लस घेतलेले'. आणि धोका मात्र पाचपट कमीच. सगळ्यांनीच लस घेतली तर भरती झालेले शंभर टक्के लसवालेच असतील. दादाने हिशेब दोनदा केला. मग म्हणाला, "हं."

बरं होणं हे ताप उतरण्याइतकं सरळ नसतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आठव्या दिवशी माझी घरगुती चाचणी स्वच्छ आली. नवऱ्याची दहाव्या दिवशीही फिकट रेघ दाखवत होती, आणि तो आणखी दोन दिवस खोलीतच राहिला. प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी तर कित्येक आठवडे होकारार्थी येऊ शकते, कारण ती विषाणूच्या जनुकाचे तुकडे शोधते आणि मेलेल्या विषाणूचेही तुकडेच असतात. बरं झालो का हे बघायला ती करण्यात अर्थ नाही.

आईंना साबणाचा वास येईना. 'आता हे कायमचं' म्हणून त्या खचल्या. वास ओळखणाऱ्या मज्जापेशींमध्ये हा विषाणू सहसा शिरत नाही, ज्या खुंटीला धरून तो आत शिरतो ती त्यांच्यावर नसते. तो शेजारच्या आधारपेशींत शिरतो. त्या कोलमडल्या की मज्जापेशींचं काम बंद पडतं, आणि आधारपेशी नव्याने उगवल्या की बहुतेकांचा वास परत येतो. आईंचा पाचव्या आठवड्यात आला. आधी अर्धवट, सगळ्याला जळकट झाक असलेला, मग हळूहळू खरा.

माझा खोकला सहा आठवडे टिकला. विषाणूजन्य आजारानंतर तीन ते आठ आठवडे कोरडा खोकला राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलेलं असतं आणि थंड हवा, हसणं, लांब वाक्य, कशानेही तिला ठसका लागतो. नवऱ्याचा त्रास वेगळा, थकवा. दोन आठवड्यांनी त्याने 'आता झालो बरा' म्हणून जोर लावून व्यायाम केला आणि पुढचे तीन दिवस झोपून काढले. डॉक्टर म्हणाले, आज जेवढं जमतंय त्याच्या थोडं आतच थांबा, आणि चार दिवस तेवढंच करूनही त्रास झाला नाही तर थोडं वाढवा. त्याला दोन महिने लागले. लागणीनंतर तीन महिने उलटल्यावरही लक्षणं असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला करोनोत्तर आजार म्हणते. लस तो धोका कमी करते, शून्य करत नाही. त्या व्याख्येच्या काठावरून नवरा मागे फिरला.

मार्चमध्ये डॉक्टरांना आईंच्या पुढच्या डोसाबद्दल विचारलं. त्यांनी लागणीपासून तीन महिने थांबायला सांगितलं. नुकत्याच झालेल्या लागणीने स्मृतीला पुन्हा काम दिलेलं आहे, ग्रंथींमधली निवड चालू आहे, ती आटोपल्यावर डोस दिला तर त्याचं चीज जास्त होतं. आईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलमधल्या तारखेभोवती लाल गोल काढला आणि मला विचारलं, "म्हणजे परत काखेत गाठ येणार?" येऊ शकते, म्हटलं. "येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मग दादाला फोन लावायला सांगितला. त्याचा दुसरा डोस राहिलाय, हे त्यांच्या लक्षात होतं.